चुनखडीची घडी

दगानानाची तीन बोटं मी मोडली, दगड फोडायच्या हातोड्यानं. आता आमच्या मजुरांच्या टोळीतली माणसं म्हणतात, रागाच्या भरात झालं. मला ती सवलत नको.

सुरतेजवळ कडोदऱ्याला आमच्या ठेकेदाराचं गोडाऊन आहे. पूर्वेकडच्या डोंगरात शिसं आणि जस्त सापडतंय का, हे बघायला मशीननं खोल भोक पाडतात आणि त्यातून चुनखडीचे मनगटाएवढे गोल दांडे निघतात. ते खोलीप्रमाणे पेटीत ओळीनं लावायचे. मधला दगड भुगा होऊन गेला असेल, तर तेवढ्या जागेत लाकडी ठोकळा ठेवायचा. ती जागा लपवायला दुसरीकडचा दगड भरणं म्हणजे आमच्यात चोरी. मागे एकानं भरला, तेव्हा अख्खी टोळी हाकलली गेली होती.

मशीनवर पेट्या लावायचं काम दगानानाचं, आणि त्याला माझ्या शब्दावर घेतलं होतं. मी खानदेशातून नवा आलो तेव्हा त्यानं मला कोसाडच्या आपल्या खोलीत ठेवलं, साडीच्या कारखान्यात घडी घालायला शिकवलं. काठावर काठ आला नाही, तर घडी मोडून परत घालायला लावायचा. बारा वर्षं मी तेच केलं, मग ह्या ठेकेदाराकडे आलो.

त्या दुपारी पेट्यांबरोबर नानाही ट्रकमधून उतरला. दुसऱ्या दिवशी भूगर्भशास्त्रवाल्या गायत्री मॅडम तपासायला येणार होत्या, म्हणून मी एकेक पेटी उघडून बघत होतो. एकशे दहा मीटरवर पांढरा दगड, मग तपकिरी, मग शिशाचा चमकता पट्टा, मग काळा. एकशे ऐंशीला पुन्हा तेच, फक्त उलटं. काळा, चमकता, तपकिरी, पांढरा. माझं डोकं सणकलं. म्हाताऱ्यानं शेजारच्या भोकाचा दगड आणून भरला, तोही घाईत उलटा, आणि माझ्या शब्दाची माती केली.

मी त्याची गचांडी धरली आणि त्याला पेट्यांवर आपटलं. त्याचं कपाळ फुटलं. टोळीतला ललित मला आवरायला आला, त्याच्या पोटात मी कोपर हाणलं. नानानं माझ्यावर हात उचलला नाही. त्यानं उजवा हात पेटीवर आडवा दाबून धरला, आतले दगड विस्कटू नयेत म्हणून.

"हाई घडी शे, वाल्मिक," तो म्हणाला. "जमीननी घडी. पट्टा एकच शे, सुई दोनदा लागनी."

मला सगळं ऐकू आलं, समजलंही. पण पकडलेला माणूस काहीही बोलतो, असं मी ठरवून टाकलं होतं. मी हातोडा उचलला आणि त्याच हातावर घातला. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याच्या आधी चौघांनी मला खाली पाडलं.

सकाळी मॅडम आल्या. त्यांनी दगडांवर पाणी ओतलं, भिंग लावलं आणि बराच वेळ दोन्ही पेट्यांमध्ये येरझाऱ्या घातल्या. इथं थर दुमडले असावेत, असा त्यांचा दोन वर्षांपासूनचा अंदाज होता. दुमडलेली साडी आरपार टोचली की तोच काठ दोनदा लागतो, दुसऱ्यांदा पालथा, तसंच हे, असं त्यांनी मला समजावलं. मला, सुरतेत बारा वर्षं घड्या घातलेल्या माणसाला.

"एकही तुकडा इकडचा तिकडे नाही. ही पेटी कुणी लावली? बोलवा त्यांना," त्या म्हणाल्या. मग पेटीच्या कडेवर वाळलेलं रक्त त्यांना दिसलं आणि त्यांनी ते कसलं म्हणून विचारलं. मी केलं, असं मी सांगितलं.

तिथून मी सरळ कोसाडला गेलो. नाना खाटेवर बसला होता, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळाला टाके. ती बोटं आता धड मिटणार नाहीत, असं त्याच्या बायकोनं, सरलावहिनींनी सांगितलं. पुढ्यातल्या ताटाला त्यानं हात लावला नव्हता. मी पाय धरले, घडीच होती म्हणून कबूल केलं, मॅडमनी बोलावलंय हेही सांगितलं. तो माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होता.

मला रडू फुटलं. काय करावं सुचेना, म्हणून मी भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला आणि त्याच्या तोंडाशी धरला. ह्याच खोलीत, पहिल्या तापात, त्यानं मला असंच भरवलं होतं.

माझा हात भरून आला तरी मी तो खाली घेतला नाही. वहिनींनी माझ्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला आणि आपल्या हातानं पुढे केला. तेव्हा नानानं तोंड उघडलं.