मी चेला नव्हे, चेलो

सुज्ञ वाचकहो व बालमित्रांनो, पुढील ओळींत मी माझे आयुष्य, माझे नाव आणि त्या नावापायी एका लहान मुलीची झालेली मानहानी यथाशक्ती निवेदन करणार आहे.

मी एक जुना चेलो आहे. घडण व्हायोलिनचीच, परंतु देह एवढा थोर, की वादकाला मला गुडघ्यांत धरून बसावे लागते. उमेदीची वीस वर्षे मी ध्वनिमुद्रणात गायिलो. वादक थकले, तेव्हा त्यांनी मला घोडबंदर रोडवरील एका संगीतवर्गास दिले. तेथे माझ्या खुंट्यांना लोक छत्र्या अडकवीत. केवळ शिपाईकाका मला नित्य पुसत. काकांना ग्रंथवाचनाचा नाद. 'ठाऊक नाही' हे शब्द त्यांच्या मुखातून कधी निघत नसत.

गेल्या वर्षी दहा वर्षांची अंतरा माझ्यावर शिकू लागली. संमेलनात माझी ओळख तीच करून देणार होती. तिने विचारले, "काका, चेलो म्हणजे काय हो?"

"अगो बाय, चेलो म्हंजे चेला! व्हायलीन गुरू, आन यो त्याचा चेला."

तिने व्यासपीठावर तेच सांगितले. सभागृह खदखदून हसले. मागून कोणी ओरडले, "ए चेल्या, गुरूचे पाय चेप!"

पडद्याआड वर्गाच्या शिक्षिका सरोजबाईंनी विचारले, "अंतरा, कोणी सांगितलं गं तुला हे?"

अंतराने काकांकडे पाहिले. काका माझी मान धरून उभे होते. ते मला पुसू लागले.

"मीच मनाने रचलं, बाई," ती म्हणाली. त्यानंतर ती वर्गात आलेली नाही.

मित्रांनो, चार तारा असून मी मुका राहिलो, याची मला लाज वाटते. काकांना तर जीभ होती.

पुढे बाईंनी उलगडा केला. इटलीत 'व्हिओलोने' नावाचे थोरले वाद्य होते. त्याचे धाकटे रूप ते 'व्हिओलोनचेलो'. 'चेलो' ही केवळ धाकुटेपणाची शेपटी. 'घरकुला'तले घर पुसून नुसते 'कुल' उरावे, तसा मी उरलो.

माझ्या लाकडाला चीर पडली तर ती सरसाने सांधता येते. म्हणून वाद्य जपा. परंतु विश्वासाने विचारणाऱ्या मुलाला त्याहून जपा. ठाऊक नसेल तर तसे सांगा.

हा कागद वर्गाच्या फलकावर लावला आहे. वाचणाऱ्या सर्वांचे आभार. ते शिपाईकाका म्हणजे मीच. अंतरा बाय, चूक माझी होती. छत्र्या काढून ठेवल्या आहेत. ये.

— देवराम दामाजी नाखवा