सातव्या आणि आठव्या घरामधले पाणी

सुज्ञ वाचकहो, आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला पाणी का चढत नव्हते आणि त्याचे कारण कोणी शोधून काढले, याचा वृत्तांत मी, व्यवसायाने नळकारागीर व पाणी समितीचा सभासद, यथामती सादर करीत आहे.

वरच्या पाच घरांतील माणसे वर्षभर खालून बादल्या वाहत होती. माझी थोरली बहीणही त्यांतलीच. वस्ती वाढली म्हणून दाब कमी पडतो, असे मीच सर्वांस सांगितले होते. सबब मोठा पंप मागावा, असे समितीत ठरत आले होते. त्या सभेसाठी माझी सोळा वर्षांची पुतणी व तिच्या दोन मैत्रिणी यांस खुर्च्या मांडण्याकरिता बोलावले होते. मांडून झाल्यावर त्यांतल्याच तीन खुर्च्यांवर त्या बसल्या.

"अगं, झालं ना तुमचं काम?" अध्यक्ष म्हणाले.

"खुर्च्यांचं झालं, आजोबा. कोणाकडे बादली भरायला किती वेळ लागतो, ते मोजलंय का कोणी?" पुतणीने विचारले.

"मोजून पाणी वाढतं होय?" शिंपीकाका हसले.

"तुम्ही कापड न मोजताच कापता का, काका?"

शिंप्यांनीच मग पंपाचा ठराव आठवडाभर पुढे ढकलावयास सांगितले.

आठवडाभर तिघी एकच बादली घेऊन घरोघर फिरल्या. सातव्या घरी ती चार मिनिटांत भरली, आठव्या घरी एकोणीस! दोहोंमध्ये चढ म्हणावा तर वीतभरही नव्हता. हे कसे, या कुतूहलाने माझीही झोप उडाली. आम्ही मधली फरशी उचलली. खाली व्हॉल्व्ह होता, जवळजवळ बंद, आणि त्याच्या मानेस निळा दोरा. दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह विसरू नये म्हणून असा दोरा बांधण्याची माझी रीत आहे. गतवर्षी गवंड्याने वर फरशी बसवली आणि दोरा माझ्या नजरेआड झाला.

"काका, हा तुमचाच ना?" पुतणी हळूच म्हणाली.

दोरा कापून खिशात घालणे शक्य होते. मी तो तसाच ठेवला, व्हॉल्व्ह उघडला आणि समितीस तिथेच बोलावून सारे कबूल केले.

"गुडघे गेले माझे, आणि विसरला हा!" बहीण कडाडली.

मान खाली घालून मी ठराव मांडला की, या तिघींस मताधिकारासह सभासद करावे. पहिला हात शिंप्यांचा वर गेला.

सभासद होताच पुतणीने विचारले, "काका, असे आणखी किती दोरे आहेत गल्लीत?"

ते मलाही ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही चौघे पुढची फरशी उचलावयास लागलो.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
पान्हेकाका