बटनापाशी आपला माणूस

पत्रू माझ्या हातानं मेला. हे आधीच सांगून टाकतो, मंग मधात कोणी विचारायले नोको.

एक्क्याऐंशी साल. घुग्घुसकडच्या एका खाणीत मी पंपाच्या बटनावर होतो. आतून कोणी ओरडलं, "चालू कर!" ते दुसऱ्या पंपाले होतं. मी बटन दाबलं. आमच्यातलाच पत्रू ती दुरुस्त करून राह्यला होता, त्याचा हात मोटरमध्ये होता. बस.

चौकशी झाली. श्रीहरी नगराळे साहेब आमचे विजेचे इंजिनिअर, तिशीतला माणूस. त्यायनं लिहून देलं, 'बटनापाशी माणूस उभा करायचा नियम मी लावला नाही, चूक माझी.' आणि नोकरी सोडली. मले लॅम्परूममध्ये टाकलं, खाली जाणाऱ्यायले दिवे वाटायले. माझी चूक बी साहेबानं अंगावर घेतली, मी घेऊ देली. साहेब रस्त्यात दिसले तर जय भीम घालायची बी हिंमत होत नव्हती.

मले वाटलं हा माणूस नागपूरले निघून जाईन. कायचं! तो आमच्या वस्तीतच राह्यला आणि विहाराच्या ओसरीत पोट्ट्यायची शाळा मांडली. भंगारातल्या मोटरी, जुने सेल, गंजलेल्या पुल्या. ट्रकच्या टायरले सुतळी गुंडाळायले लावे, मंग तीच सुतळी टायरच्या आरपार मोजायले लावे. टायर लहान असो की मोठा, दर खेपेले तीनदा बसे आणि थोडी उरे. मंग काय, पोट्टे बैताडासारखे गल्लीगल्लीत चाकं मोजत फिरत. सायकल सोडली नाई, बैलबंडी सोडली नाई, घरातल्या थाळ्या सोडल्या नाई. माझी पोट्टी गुलाब त्यात सगळ्यात पुढं.

साहेबाचा एक कायदा होता. तारेले हात घालायच्या आधी बटनापाशी आपला माणूस उभा पाह्यजे, आणि तो कोण हाय हे तोंडानं विचारायचं. टॉर्चच्या सेलवर दिवा लावायचा असला तरी. मी गुलाबले चिडवत होतो, "अवं, सेलले पहारेकरी! उद्या चुलीले बी ठेवजो एक." हासत होतो, पण तो कायदा कोणापायी निघाला ते मले ठाऊक होतं. गुलाबले मी काई सांगतलं नाई. पत्रूची बायको शकुबाई चार घरं सोडून राहे. तिच्या दारावरून जायचं मी टाळत होतो.

शहाऐंशीत गुलाब दहावी पास झाली. चांद्याच्या एका कारखान्यात वायरमन अप्रेंटिसच्या आठ जागा निघाल्या. लागली तर पोट्टीचं भलं. नाई लागली तर मायसंग रेल्वेच्या सायडिंगवर कोळशाच्या टोपल्या उचलायच्या, तिसरा रस्ता नव्हता. तिच्या मायची कंबर पस्तिशीतच गेली होती. मी सुट्टी टाकली आणि तिले घेऊन गेलो. साठ-सत्तर पोट्टे आले होते, पोट्टी एकच.

परीक्षा अशी की मोटर बंद पडली हाय, पंधरा मिनिटांत दोष काढा आणि चालू करून दाखवा. बटन मागं दाराजवळच्या भिंतीले, वीस पावलं दूर. पोट्टे धावत जात, बटन बंद करत, धावत येत आणि पाना घेऊन भिडत. मागं कोण येऊन काय दाबते, कोणाले फिकीर नव्हती.

गुलाबची पाळी आली. बटन बंद केलं, मोटरपाशी बसली आणि विचारते काय, "बटनापाशी कोण हाय?"

परीक्षा घेणारा फोरमन म्हणते, "कोणी कायले पाह्यजे?"

"कोणी उभं राह्यल्याशिवाय मी हात नाई घालत, सर."

"इथी कोणी पहारेकरी नाई. करायचं तर कर, नाईतर ऊठ. घड्याळ चालू हाय."

ती मांडीवर हात ठेवून बसून राह्यली. पोट्टे फिदीफिदी हासून राह्यले. एक मिनिट गेलं, दोन गेले. इकडं दारात माझं डोकं सणकलं. मनात म्हणलं, नगराळे साहेब, तुमच्या कायद्यानं माझ्या पोट्टीची जागा खाल्ली. मी तिथूनच ओरडलो, "अवं, लाव ना हात! काऊन ठोंब्यासारखी बसली?"

ती उठली. वाटलं, झालं, आता घरी. ती सरळ माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणली, "बाबा, तुमी उभे राहा."

मी मागं सरलो. "मी नाई. दुसऱ्या कोणाले सांग."

"दुसरा विसरून जाईन. तुमी नाई विसरणार."

अरे बाप्पा! "तुले कोणं सांगतलं?"

"शकुकाकूनं. मी सातवीत होती तवा."

तीन वर्सं पोट्टीनं हे पोटात ठेवलं होतं आणि रोज मले भात वाढत होती. मी जाऊन बटनापाशी उभा राह्यलो. फोरमन म्हणला, "बरं, राहू द्या. पण वेळ वाढवून नाई भेटणार."

तिनं मोटर खोलली. मी बटनावरून नजर काढली नाई. कोणी बाजूनं गेलं तरी मी बटनापुढं आडवा होत होतो. आतली एक तार जळाली होती, ती तिनं बदलली, झाकण बसवलं. फोरमननं घड्याळ पाह्यलं आणि ओरडला, "चालू करा!"

मी नाई केलं.

"अहो भाऊ, दाबा ना! मिनिट राह्यलं एक."

"तुमी नोका सांगू," मी म्हणलं. "तिनं सांगायचं."

"चालू करा, बाबा," गुलाब म्हणली.

"हात काढले काय?"

"काढले."

"दाखव."

तिनं दोन्ही हात वर केले. तेल लागलेले, काळे. मी दहाच्या दहा बोटं मोजली. मंग बटन दाबलं.

मोटर फिरली. संध्याकाळी भिंतीवर यादी लागली, त्यात गुलाबचं नाव सहावं होतं. ती सांगायले धावत आली तवा मी तिथीच, भिंतीखाली बसलो होतो. पत्रूच्या मयतीत मी रडलो नव्हतो. त्या दिवशी लोकं पाहून राह्यले होते तरी रडलो.