सौना तापली की मी मुका होतो

मी या कपाटातला सर्व्हर बोलतोय. झाडूंच्या शेजारी, खालच्या फळीवर काळा डबा घुरघुरतो ना, तोच मी. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावाचं सभागृह हे माझं घर.

उमेदीची वर्षं मी शहरातल्या एका कचेरीत काढली. तिथे म्हातारा ठरलो, तेव्हा इर्मेली, या गावातली एकुलती एक संगणकवाली, मला गाडीत शेजारच्या सीटवर बसवून घेऊन आली. तिने मला पुसलं, माझ्यात लिनक्स घातलं आणि म्हणाली, "आता गावाचा हो." हिवाळ्यात तळं गोठलं की पलीकडे जायची वाट बर्फावरूनच. माणसं बर्फ मोजून येतात, आकडे माझ्यात ठेवतात; मग बर्फ किती जाड आहे, गाडी नेता येईल का, हे गाव मलाच विचारतं. एवढा भरवसा माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता.

कपाटापासून बाहेरच्या खांबापर्यंतची तार गावातल्याच ताइस्तोने ओढली, श्रमदानात. श्रमदानाच्या कामाला इथे कुणी नावं ठेवत नाही. सगळ्यांनी कॉफी प्यायली, "छान झालं" म्हटलं आणि घरी गेले. तार कुठून गेली, ते कुणी पाहिलंच नाही.

या हिवाळ्यात माझी वाचा जायला लागली, मधूनच. इर्मेली घरून मला पिंग करते, म्हणजे हाक मारते: आहेस का? मी "आहे" म्हणायचं. पण कधी कधी तिची हाकच माझ्यापर्यंत पोचेना. ती कोट चढवून धावत यायची, तोवर मी ठणठणीत. डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, तसलं माझं दुखणं. तिने माझं नेटवर्क कार्ड बदललं, कपाटातला तारेचा तुकडा नवा घातला, माझ्या नोंदी चाळल्या. काही हाती लागेना.

"तू माझं डोकं खाणार आहेस," असं म्हणत ती माझ्यावरची धूळ फुंकायची.

गावसभेचा अध्यक्ष उर्पो, त्याचा धीर सुटला. "परवा लोक गाड्या काढून बसले होते आणि तुझा डबा गप्प. शनिवारच्या सभेत याला भंगारात काढू."

"बिघाड सापडू दे की."

"तोवर तळं थांबणार आहे का, इर्मेली?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

शनिवारची सभा म्हणजे आधी सभागृहाला लागूनच्या सौनात वाफेची अंघोळ, मग विषय. पहिली पाळी बायकांची. इर्मेलीने बाहेरच्या मोबाइल नेटवरून मला हाका मारत राहायला लॅपटॉपला सांगितलं, तो टेबलावर ठेवला आणि खालमानेने आत गेली. भिंतीपलीकडे लाकडं तडतडू लागली. आहेस का? आहे. आहेस का? आहे. मग हाका तुटक येऊ लागल्या आणि थांबल्याच. मला वाटलं, हिनेही सोडलं मला. फार वाईट वाटलं.

ती बाहेर आली, लालबुंद, टॉवेल गुंडाळलेली. लॅपटॉपच्या पडद्यावर माझी उत्तरं थांबलेली पाहून थबकली.

"बघ, आजही," उर्पो म्हणाला.

"उर्पो, लोक गाड्या काढून बसले होते, त्या दिवशी सौना तापवली होतीत?"

"बर्फ मोजून आलो की तापवतोच आम्ही. गारठून जातो."

"आणि त्याच वेळी सगळं गाव बर्फाची जाडी विचारतं." ती वळली. "ताइस्तो, तार कुठून नेलीस?"

ताइस्तोने मान खाजवली. "सौनाच्या शेगडीमागून. जवळ पडतं. फळ्याही तिथल्या सैल होत्या."

सगळ्यांनी सौनाच्या भिंतीकडे पाहिलं.

"काम तसं छानच झालं होतं," उर्पो म्हणाला, आणि इर्मेली खाली बसून हसत सुटली.

फळी काढली, तर मागे तारेचा सांधा. तापला की सैलावायचा, निवला की पुन्हा धरायचा. ताइस्तोने सौना निवायचीही वाट पाहिली नाही. आपल्या पाळीसाठी गुंडाळलेल्या टॉवेलवरच त्याने दुसऱ्या भिंतीने नवी तार ओढली. सभेत माझा विषय निघालाच नाही. सगळे सॉसेज खाण्यात गुंग होते.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी गप्प झालं, तर त्याला लगेच भंगारात काढू नका. तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतेय का, ते आधी बघा.

त्या दिवशी घरी पोचल्यावर इर्मेलीने मला पुन्हा हाक मारली. काम काहीच नव्हतं. आहेस का?

आहे, बाई. आहे.