न वाळलेली जमीन

भिमाजीने आयुष्यभर लोकांच्या जमिनी घासल्या. जमिनी म्हणजे शेतं नव्हेत, कंपन्यांच्या शेडमधलं काँक्रीट. चाकणच्या पट्ट्यात त्याचं घासायचं मशीन जिच्या जमिनीवरून फिरलं नाही अशी शेड शोधावी लागली असती. पण काम उरकून जमीन ताब्यात दिली, की दुसऱ्या दिवशी त्यालाच तिथे पाऊल टाकायची बंदी. सिक्युरिटीवाला दारातूनच म्हणायचा, "भाऊ, बाहेर थांबा, डाग पडतील." वीस वर्षं हे ऐकून भिमाजीच्या मनात एक अढी बसली होती. घर बांधायला काढलं तेव्हा ती अढी अशी काही वर आली, की बायकोचं, साथीदाराचं, कुणाचंच त्याने ऐकलं नाही.

जुन्या दोन पत्र्याच्या खोल्यांसमोर, अंगणाच्या पलीकडे नवं घर उभं राहिलं. टाइल्स नकोत, काँक्रीटचीच जमीन करायची, हे ठरलेलं होतं. प्रश्न होता तो मॅट की मिरर. मशीनच्या पॅडचा नंबर जितका मोठा, तितकी घासणी बारीक. चारशे नंबरच्या पॅडवर थांबलं की जमीन मॅट राहते, घोटीव, हाताला गुळगुळीत पण नजरेला शांत. पुढे तीन हजार नंबरापर्यंत घासत गेलं की मिरर. तीत वरचा पंखा दिसतो, खिडकी दिसते, आपलं थोबाडही दिसतं.

भिमाजीने हॉलच्या दोन कोपऱ्यांत दोन नमुने करून ठेवले. त्याचा साथीदार ज्योतीराम मूळचा लातूरकडचा, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "मॅटच ठेवा दादा. घरात म्हातारं माणूस हाय." बायको रुपालीचंही तेच मत पडलं. मग भिमाजी आईला हाताला धरून घेऊन आला.

ठकुबाई अठ्ठ्याहत्तरची. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा गेल्यातच जमा. हल्ली तिला कालचं आठवत नसे, पण चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवे. पत्र्याच्या त्या दोन खोल्या तिने जन्मभर शेणाने सारवल्या होत्या आणि त्या घरात एकच कायदा होता: ओल्या सारवणावर पाय ठेवायचा नाही. लहानपणी भिमाजीचं एक पाऊल उमटलं होतं, तेव्हा तिने शेणाच्या हातानेच त्याच्या गालावर एक ठेवून दिली होती. तो वास त्याला अजून आठवायचा.

ती मॅटच्या नमुन्यावर बसली. तळवा फिरवला, दोनदा फिरवला.

"ही आपल्यासारखी लागती," ती म्हणाली. "हीच ऱ्हाऊ दे."

"तुला दिसतंय कुठं आये?" भिमाजी हसला.

दिसत नव्हतं हे खरंच. पण हाताला कळत होतं, आणि ज्याची अख्खी हयात जमिनी घासण्यात गेली त्याला एवढं समजू नये, याला काय म्हणावं! साहेबलोकांच्या शेडमध्ये मिरर आणि आपल्या घरात मॅट, हे काही त्याच्या गळी उतरलं नाही. पंधरा दिवस सुट्टी टाकून त्याने सगळा हॉल तीन हजारापर्यंत नेला. जमीन अशी लखलखीत झाली, की रुपालीसुद्धा दारात उभी राहून पदराने तोंड झाकून हसली.

वास्तुशांतीच्या दिवशी भावकी जमली. सगळे आत गेले. ठकुबाई उंबऱ्याशी आली आणि थांबली. तिच्या अधू डोळ्याला समोर नुसती चमक दिसत होती, खिडकीतलं ऊन जमिनीवर लकाकत होतं.

"वलं हाय," ती म्हणाली. "कुनी सारवलं गं आत्ता? वाळू द्या."

लोक हसले. भिमाजीही आधी हसला. मग त्याने तिचा दंड धरला. "आये, सारवान न्हाई ते. कोरडं हाय. चल."

"पाय उमटत्याल रं!"

त्याने ओढलं. तिने चौकट धरली आणि ती लहान मुलासारखी रडायला लागली. भिमाजीला भावकीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ऱ्हा मग भायेरच!" तो ओरडला. ठकुबाईने चौकट सोडली आणि अंगण ओलांडून ती जुन्या खोलीत जाऊन बसली. पुरणपोळीचं ताट रुपालीने तिला तिथेच नेऊन दिलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी ती काठी टेकत उंबऱ्यापर्यंत यायची, वाकून बघायची. "वाळलं न्हाई अजून," म्हणायची आणि परत फिरायची. रुपालीने सतरंजी अंथरून बघितली. तर म्हातारी म्हणाली, "वल्या सारवनावर कुनी सतरंजी टाकतं व्हय? कुजंल ती." सुनेला घरकाम शिकवावं तशा सुरात म्हणाली, रागाने नाही. ती रुसलेलीही नव्हती. ती फक्त वाट बघत होती.

भिमाजीला हे फार लागलं. रुसली असती तर त्याने पाय धरले असते. वाट बघणाऱ्या माणसाला काय सांगणार? शेवटी तो ज्योतीरामला म्हणाला, "मशीन आणू घरी. चमक काढून टाकू." पण तेव्हा एका नव्या शेडचं काम चालू होतं, मशीन तिथे अडकलेलं, रोज ओव्हरटाइम. या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू, असे चार रविवार गेले. खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. एवढी चांगली उतरलेली चमक आपल्याच हाताने मारायची, हे त्याच्या जिवावर येत होतं. पुढे जन्मभर त्याला हीच गोष्ट टोचत राहिली.

डिसेंबर लागला. पत्र्याच्या खोलीत थंडी मावेना. ठकुबाईच्या छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी लावलेली, आवाज खोल गेलेला. भिमाजी जवळ बसला की ती एकच विचारायची.

"वाळलं का रं?"

"वाळत आलंय, आये."

त्या रविवारी त्याने मशीन आणलं. दोनशे नंबर, मग चारशे. ज्योतीराम घासून निघालेला गाळ ओढत होता आणि भिमाजी मशीन चालवत होता. खिडकी गेली, पंखा गेला, त्याचं स्वतःचं तोंड गेलं. संध्याकाळपर्यंत जमीन शांत, राखाडी होऊन बसली. गुडघ्यावर बसून त्याने तळवा फिरवला. जुन्या खोलीसारखीच लागली. उद्या डॉक्टरांना विचारून आईला घरी आणायचं, असं त्याने रुपालीला सांगितलं.

सोमवारी सकाळी चहा ठेवत असतानाच दवाखान्यातून फोन आला.

तिला आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. अंगणातच पाटावर बसवून बायकांनी आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. भिमाजीची चुलती शालनबाई जाणती बाई, ती म्हणाली, "हितंच ठिवा. दवाखान्यात गेलेलं मानूस नव्या घरात नेत्यात न्हाईत."

"माझी आये घरात जानार," भिमाजी म्हणाला.

"अरं, वास्तूला चांगलं न्हाई ते."

"जे व्हायचं ते हू दे. चार रविवार थांबलो मी. आता न्हाई थांबायचा."

त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं. एवढी हलकी झाली होती, की त्याला भडभडून आलं. उंबऱ्याशी तो तिच्या सवयीने थांबला, जणू तीच थांबली.

"वाळलं, आये," तो म्हणाला. "बघ. समदं वाळलं."

आत जाऊन तो खाली वाकला आणि आधी त्याने तिचे पाय जमिनीला टेकवले. आंघोळीचं पाणी तिच्या तळव्यांना तसंच होतं. दोन पावलं उमटली, लहानशी, बोटांसकट. शालनबाईने पदर तोंडात धरला. रुपाली फडकं घेऊन पुढे आली तसा भिमाजी ओरडला, "पुसू नगंस!"

पुसायची वेळच आली नाही. तिला सतरंजीवर ठेवून त्याने वळून बघितलं, तेव्हा बोटं गेली होती, टाचा तेवढ्या राहिल्या होत्या. लोकांनी हार घालेपर्यंत त्याही वाळल्या.