ठेवणीतला जोड

मी बूट बोलतोय, उजव्या पायाचा. डावा माझा भाऊ, शेजारीच आहे. पण तो पहिल्यापासून घुमा, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. आम्ही साधे बूट नव्हे. बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येतात ना, त्या स्कीइंगचे आम्ही बूट. बाहेरून प्लास्टिकचं कडक कवच, आत मऊ अस्तर, पुढे चार बकलं. आम्हाला घालून माणूस बदकासारखा चालतो, पण आमचा जन्म चालण्यासाठी झालेलाच नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. साच्यातून निघालो, खोक्यात बसलो, दुकानात आलो. खरं आयुष्य सुरू झालं ते एका सलूनवाल्यांनी माझ्यात पाय घातला तेव्हा. तेच माझे मालक. दिवसभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीभोवती उभं राहून त्यांचे पाय पसरट झाले होते आणि करंगळीपाशी हाड वर आलं होतं. तोवर ते भाड्याचे बूट घालत. भाड्याचे बूट म्हणजे धर्मशाळा, कुणीही यावं आणि घाम गाळून जावं. आता पहिल्यांदाच ते स्वतःचे घ्यायला आले होते. बरोबर त्यांच्या कमरेइतक्या उंचीची लेक.

"कसं वाटतंय?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"बोटं पुढे टेकतायत हो."

"टेकायलाच हवीत. आता गुडघे वाकवून बघा."

मालकांनी गुडघे वाकवले. बोटं मागे सरली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. मग बाईंनी आमचं अस्तर गरम केलं, आणि ते निवेपर्यंत मालक त्यात पाय घालून निमूट उभे राहिले. करंगळीच्या हाडासाठी माझ्या कवचाला थोडा फुगवटाही काढला. त्या दिवसापासून आम्ही जगात एकाच माणसाच्या पायाला नीट बसणार होतो. असं कुणाचं तरी होऊन जाण्यात फार सुख असतं.

"बाबा, आता आपण दोघं अगदी वरून उतरायचं हं. एकत्र!" लेक म्हणाली.

"त्यासाठीच तर घेतले!" मालक म्हणाले.

झालं काय, की मालकांना सुट्टी सोमवारची आणि लेकीला रविवारची. रविवारी सलूनच्या बाकावर बसायला जागा नसे, आणि सोमवारी लेक शाळेत. हिवाळ्याची सुट्टी उरली, तर तेव्हाच समोरच्या हॉटेलात पाहुण्यांची झुंबड आणि सलूनमध्ये रांग. "बाबा, उद्या जायचं?" लेक विचारी. "उद्या गर्दी आहे गं राणी. पुढच्या वर्षी नक्की." मालक खोटं बोलत नसत. त्यांना खरंच तसं वाटे.

सोमवारी ते एकटे डोंगरावर जात. मी खोक्यात कान टवकारून असे. पण ते म्हणत, "एकट्यासाठी कशाला नवे काढायचे? लेकीबरोबर जाईन तेव्हा काढू." आणि भाड्याचे घालून येत. स्वभावच तसा त्यांचा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर दुकानातून आलेलं आवरण तसंच, चांगल्या कात्र्या कपाटात आणि कामाला जुन्या. त्यांची बायको वैतागायची. "अहो, वापरा की! बूट काय मुरायला घातलेत?" मालक नुसते हसत.

आमची हेळसांड झाली असं मात्र कुणी म्हणू नये. दर हिवाळ्याच्या तोंडावर मालक आम्हाला बाहेर काढत, मऊ फडक्याने पुसत, आत वर्तमानपत्राचे बोळे भरत, आकार बिघडू नये म्हणून बकलं लावून ठेवत. कधी आम्हाला घालून आरशासमोर उभे राहत आणि गुडघे वाकवून बघत. मग उसासा टाकून काढत. त्यांच्या त्या मायेनं मला भरून येई आणि त्यांचा रागही येई.

लोकांना वाटतं, वस्तू वापरून संपते. चपलेचं तसं असेल. आमचं प्लास्टिक, घाला नाहीतर ठेवा, काळानंच मरतं. वरून चकाकत राहतं आणि आतून ठिसूळ होतं. मला ते कळत होतं, पण सांगणार कुणाला आणि कसं?

लेक शाळेतल्या शिक्षकांकडून स्कीइंग शिकली. मोठी झाली. मालक घरी येऊन बायकोला सांगत, "आज एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमची मुलगी काय झोकात उतरते हो! सगळे थांबून बघतात." सांगताना त्यांचा आवाज ओला होई. त्यांनी स्वतः तिला उतरताना एकदाही पाहिलं नव्हतं.

पुढे ती शिकायला गेली, नोकरीला लागली. मालकांची बोटं थरथरू लागली, तेव्हा त्यांनी सलून दुसऱ्याच्या हवाली केलं. आता सगळेच वार सुट्टीचे. पण लेक कुठे होती? या आठवड्यात ती आली, तीही निरोप घ्यायला. तिची साता समुद्रापार बदली झाली आहे, उद्या सकाळी निघायचंय. काल जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्या वर जायचं. पुढच्या वर्षीचं नाव काढायचं नाही."

आज आम्ही लिफ्टनं अगदी वर गेलो. मालकांनी आम्हाला पायांत चढवलं आणि बकलं आवळली. मला मूठ असती तर मी जीव मुठीत धरला असता. त्यांनी स्कीच्या लांब फळीवर टाच दाबली आणि कट्ट आवाज झाला. घोट्यापासून टाचेपर्यंत मी फुटलो. माझे तुकडे बर्फात उडाले.

"थांब, थांब, जोडता येईल," मालक म्हणाले.

लेकीनं वाकून पाहिलं. म्हणाली, "राहू दे, बाबा. तू लिफ्टनं खाली ये. मी उतरते. तू वरून बघ तरी."

"हो हो, बघतो ना. जा तू."

ती निघाली. मालकांनी मला काढून बाजूला ठेवलं आणि ते बर्फात गुडघे टेकून माझे तुकडे वेचू लागले. "हा घोट्याजवळचा... हा बकलाचा..." मी आडवा पडून उताराकडे बघत होतो. गिऱ्हाइकं खरं तेच सांगत होती. असं उतरताना मी कुणाला पाहिलं नाही. मध्यावर ती थांबली, वळली आणि हात उंच केला. बराच वेळ तसाच धरला. अहो मालक, मान वर करा! मी मनातल्या मनात जीव तोडून ओरडलो. त्यांनी मान वर केली तेव्हा ती खाली पोचली होती.

रोजचे बूट घालून, आम्हाला काखेत आणि तुकडे मुठीत धरून मालक लिफ्टनं खाली आले.

"बाबा, मी मध्ये थांबून हात केला. पाहिलास?"

"पाहिला की. छान उतरलीस."

लेकीनं त्यांच्या मुठीकडे पाहिलं. हलकेच ती उघडली, तुकडे घेतले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. आम्हा दोघांना डब्याशेजारी ठेवलं.

"आता नवे घेऊ आपण," मालक म्हणाले. "तू आलीस की जाऊ."

"बरं," ती म्हणाली.

मालक, तुम्ही मला जपलंत, माझी काही तक्रार नाही. पण समोर बघा, भाड्याच्या बुटांची खिडकी उघडी आहे. सैल असोत, घामट असोत, आजच्यापुरते घ्या. लिफ्ट अजून चालू आहे. लेक गाडीचं दार धरून डोंगराकडे बघत उभी आहे, तिला एकदा हाक मारा. माझ्याकडे कशाला वळून बघताय? मी फुटलोय, मालक. तिच्याकडे बघा.