बाहेर उरलेली नळी

तिने टेपचं टोक नवऱ्याच्या पोटावरच्या भोकाशी धरलं आणि बाहेरची नळी मोजली.

अठरा सेंटीमीटर.

टेप त्याचाच, शिंपीकामातला. त्याला गिळता येत नव्हतं, दूध नळीनेच जायचं. ही नळी मात्र पोटाची नव्हती. मूळची निसटली, दवाखान्यात तसली शिल्लक नव्हती, म्हणून नर्सने लघवीची नळी घालून आतला फुगा पाण्याने फुगवला होता. पोटाची आली की बदलू, म्हणाली. हिला बाहेरून अडकण नाही, आत सरकते. चिकटपट्टी घट्ट ठेवा, रोज मोजा.

सोळा.

पट्टीखालची कातडी सोलवटली. कडेने दूध झिरपायचं, आंबट वास यायचा. जरा वारा लागू दे बिचाऱ्याला, असं जावेला फोनवर सांगून तिने दोन दिवस पट्टी सैल ठेवली.

"अहो शिंपीबुवा, तुमचं माप चुकायला लागलं."

पक्षाघाताने वाचा गेली तरी अशा बोलण्यावर त्याचे खांदे हलायचे. आज हलले नाहीत.

अकरा.

उलटी. हिरवी. दूध नासलं असेल म्हणून तिने दुसरं तापवलं. तेही उलटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो दाखवला. फुगा जठरातून सरकून आतड्याच्या तोंडाशी बसला होता, बाटलीला बूच बसावं तसा. त्यांनी तो रिकामा करून नळी ओढून काढली. पट्टी सैल सोडली म्हणून का, तिने विचारलं. असल्या नळीचं असं होतं, म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

खरी नळी अजून आली नव्हती. नर्स तसलीच दुसरी घेऊन आली.

"लवकर घालायला हवी, मावशी. भोक काही तासांत बुजायला लागतं. मग परत ऑपरेशन, आणि ते काही यांना झेपायचं नाही."

त्याने ऐकलं. त्यातल्या त्यात चालता हात सावकाश उचलला आणि भोकावर पालथा ठेवला.

तिने मनगट धरून उचलून पाहिलं. हलेना. इतके दिवस चमचा न पेललेली बोटं पोटात रुतली होती. तो छताकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

तिने मनगट सोडलं.

"हात बाजूला घ्या हो त्यांचा," नर्स पाकीट फोडता फोडता म्हणाली.

"घेते. तुम्ही पलीकडच्या आजोबांचं आटपून या."

नर्स वळली. तिने चादर उचलली आणि त्या हातावरून त्याच्या गळ्यापर्यंत नीट ओढून घेतली.